भूमिकांची यादी आणि फिशर-डीस्काउ : एका तरुण बॅरिटोनास पत्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची ध्वनिमुद्रणे पोहोचली. जर्मनीतल्या नाट्यगृहांपुढे गाऊन दाखवण्यासाठी तू जी यादी केली आहेस, तीत व्हेर्दीच्या ऑपेरांतले दरबाऱ्यांवर तुटून पडणाऱ्या रिगोलेट्टोचे पद आहे, ‘ओथेल्लो’तल्या यागोचा ‘क्रेडो’ आहे आणि वाग्नरच्या ‘वाल्क्यूरे’च्या अखेरीस देवांचा राजा वोटान मुलीचा निरोप घेतो तो प्रसंगही आहे. यादीखाली तू लिहिले आहेस, की पुरुषाच्या मधल्या पट्टीच्या, म्हणजे बॅरिटोन आवाजाचे जर्मन गायक डीट्रिश फिशर-डीस्काउ तेविसाव्या वर्षी बर्लिनच्या ऑपेरात प्रमुख भूमिकेत उभे राहिले आणि तुला तर चोविसावे सरले, मग थांबायचे कशासाठी? हे पत्र त्या एका वाक्याचे उत्तर आहे. ज्यांचे नाव तू पुढे केलेस त्यांचेच आयुष्य तुझ्या यादीविरुद्ध साक्ष देते, असे माझे मत आहे. पण नुसते मत कळवून तुझे समाधान होणार नाही हे ठाऊक असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम ते तेविसावे वर्ष. फिशर-डीस्काउ यांचा जन्म 28 मे 1925 रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील अभिजात भाषांचे पंडित आणि शाळेचे मुख्याध्यापक, आई शिक्षिका. घरात पुस्तके होती आणि कविता पाठ करण्याची सवय लहानपणीच लागली. सोळाव्या वर्षी गाण्याचे रीतसर शिक्षण सुरू झाले, पुढे बर्लिनच्या संगीत विद्यालयात हेरमान वायसेनबोर्न यांच्याकडे ते शिकू लागले, आणि जेमतेम एक सत्र पुरे होते न होते तोच 1943 मध्ये त्यांना सैन्यात भरती व्हावे लागले. त्याच वर्षाच्या आरंभी, सतरा वर्षांच्या या मुलाने बर्लिनच्या त्सेहलेनडोर्फ भागातल्या नगरभवनात शूबर्टची ‘विंटरराइजे’ ही चोवीस गीतांची मालिका गायला घेतली होती. मध्येच बॉम्बहल्ला झाला आणि कार्यक्रम थांबवावा लागला. रशियाच्या आघाडीवर त्यांच्याकडे घोड्यांची देखभाल होती. पुढे इटलीत ते अमेरिकनांच्या हाती सापडले आणि दोन वर्षे युद्धकैदी म्हणून राहिले. त्यांचा एक भाऊ जन्मतः अपंग होता. नाझी राजवटीने त्याला एका संस्थेत टाकून उपासमारीने मारले. या सगळ्याबद्दल त्यांनी नंतर संयमाने लिहिले आहे, आणि त्यावर मी अधिक काही लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही.

तुला ध्यानात घ्यायचे आहे ते हे, की ती दोन वर्षे त्यांनी छावणीत घर सोडून आलेल्या जर्मन सैनिकांपुढे गीते म्हटली. समोर समीक्षक नव्हते, तिकिटे नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच श्रोते असत, त्यामुळे तीच तीच चार गीते म्हणून भागण्यासारखे नव्हते. 1947 मध्ये मायदेशी परतल्यावर बाडेनव्हायलर येथे ब्राम्सच्या ‘जर्मन रिक्विएम’ या मृतांसाठीच्या गायनरचनेसाठी ठरलेला गायक आयत्या वेळी आजारी पडला आणि एकही तालीम न करता फिशर-डीस्काउ त्या जागी उभे राहिले. त्याच वर्षी शरदात लाइपत्सिगला पहिली गीतमैफल झाली, आणि 1948 च्या नोव्हेंबरात बर्लिनच्या श्टेटिशे ओपरमध्ये फेरेन्क फ्रिचाय यांच्या संचालनाखाली व्हेर्दीच्या ‘दोन कार्लोस’ या ऑपेरातली पोझाची, म्हणजे राजपुत्राच्या मित्राची, भूमिका. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ते सारे जर्मन भाषांतरात गायले गेले. सांगायचे असे, की तेविसाव्या वर्षी तिथे उभा राहिलेला मुलगा गीतांचा फार मोठा साठा पाठीशी घेऊन आला होता, आणि तो जे गायला ते त्याच्या आवाजाला नेमके झेपणारे होते.

पोझा म्हणजे काय, ते स्वरलिपी उघडून पाहा. लांब आणि सलग स्वरवाक्ये, मित्राबरोबरचे युगुलगीत, राजाशी होणारा तो मोठा संवाद, आणि अखेरीस तुरुंगात गोळी लागल्यानंतरचे मरण. वाद्यवृंद बहुतेक ठिकाणी आवाजाला वाट देतो. वरचे स्वर आहेत, पण ते ओरडून मिळवायचे नाहीत, वाक्याच्या ओघात यायचे आहेत. नाट्यगृहाने त्यांना घेतले तेही लिरिक, म्हणजे हलक्या आणि गेय आवाजाचे, बॅरिटोन म्हणूनच. जर्मनीत आवाजाच्या जातीला ‘फाख’ म्हणतात आणि तिथल्या सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहांत या फाखाचे महत्त्व किती आहे, हे तुला एव्हाना कळले असेलच. एकदा का तुझ्या नावापुढे नाट्यमय, म्हणजे जड आवाजाचा, बॅरिटोन असा शिक्का बसला, की व्यवस्थापक तुला वर्षभर त्याच भूमिका देणार; आणि चोविसाव्या वर्षी वाद्यवृंदाच्या पितळी वाद्यांशी रोज झुंज घेणारा लिरिक आवाज तिशीपर्यंत डळमळू लागतो. असे आवाज मी जवळून ऐकले आहेत. मधल्या सप्तकातला एक लांब स्वर धरायला सांगितला, की दोष लगेच उघडा पडतो.

तू म्हणशील, त्यांनी रिगोलेट्टो गायला, यागो गायला, तशी ध्वनिमुद्रणे बाजारात आहेत. आहेत खरी. वृंदसंचालक राफाएल कुबेलिक यांच्याबरोबरचा रिगोलेट्टो 1964 चा आहे, आणि बार्बिरोली यांच्याबरोबरच्या ‘ओथेल्लो’तला यागो 1968 चा. पण ती ध्वनिमुद्रणे आहेत. स्टुडिओत मायक्रोफोन गायकाच्या समोर असतो, वाद्यवृंद किती पुढे आणायचा हे अभियंता ठरवतो, एक प्रवेश आज आणि दुसरा परवा गाता येतो. दोन हजार माणसांच्या प्रेक्षागृहात, कसलाही ध्वनिवर्धक नसताना, तिसऱ्या अंकाच्या शेवटी उरणारा दम ही वेगळीच गोष्ट आहे. त्यातही, ही कामे करताना त्यांचे वय चाळिशीच्या आगेमागे होते, आणि तरीही त्यांच्या व्हेर्दीबद्दल तक्रार करणारे जाणकार तेव्हाही होते नि आजही आहेत. इटालियन भूमिकांत लागणारा तो पसरट, उन्हाळी स्वर त्यांच्याकडे नव्हता. ते उणे त्यांनी बुद्धीने आणि शब्दांनी भरून काढले. काही ठिकाणी भरून निघाले, काही ठिकाणी नाही.

वोटानचे उदाहरण तर तुझ्यासाठी मुद्दाम राखून ठेवल्यासारखे आहे. वृंदसंचालक काराजान यांनी वाग्नरची ‘रिंग’ ही चार ऑपेरांची मालिका मुद्रित करायला घेतली तेव्हा ‘राइनगोल्ड’मधला वोटान फिशर-डीस्काउ गायले. तो वोटान तरुण आहे, बोलघेवडा आहे, करारमदार करतो आणि मोडतो. तिथे शब्द चालतो. परंतु त्याच मालिकेच्या ‘वाल्क्यूरे’त आणि ‘सीगफ्रीड’मध्ये वोटान गायला तो थॉमस स्ट्युअर्ट. तू जो निरोपाचा प्रसंग यादीत घातला आहेस तो याच ‘वाल्क्यूरे’तला. जगातली कुठलीही ध्वनिमुद्रण कंपनी ज्यांच्या मागे लागली असती अशा गायकाने मालिकेतला हलका भाग घेतला आणि जड भाग दुसऱ्याकडे गेला, ही गोष्ट तुझ्या यादीशेजारी लिहून ठेव.

तसाच हान्स साक्स. ‘माइस्टरझिंगर’मधला हा मोची म्हणजे जर्मन बॅरिटोनच्या आयुष्यातला सर्वांत लांब पल्ला, रात्रभर गायचे आणि शेवटचे मोठे भाषण सगळ्यात अखेरीस. फिशर-डीस्काउ यांनी तो रंगमंचावर आणला 1976 मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर. त्याच्या कितीतरी आधी, 1954 पासूनच, ते बायरॉइटला, म्हणजे वाग्नरच्या स्वतःच्या नाट्यगृहात, गात होते. पण काय गात होते? ‘टानहॉयझर’मधला वोल्फ्राम, ‘लोएनग्रिन’मधला दवंडीवाला, ‘पार्सिफाल’मधला जखमी आम्फोर्टास. वोल्फ्रामचे सांजताऱ्याला उद्देशून म्हटलेले गीत तू ऐकलेच असशील. वाग्नरच्या भल्यामोठ्या ऑपेराच्या मध्यभागी ते जवळजवळ शूबर्टचेच गीत आहे. वाद्यवृंद दबून असतो, स्वर अर्ध्या अर्ध्या पायऱ्यांनी खाली उतरतो, आणि गायकाने तिथे काही दाखवायला जाऊ नये हीच त्याची अट असते. तुझ्या यादीत रिगोलेट्टोच्या जागी हे गीत घाल.

आता गीतांविषयी, कारण माझ्या दृष्टीने खरा विषय तोच आहे आणि तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. पियानोच्या साथीने म्हटल्या जाणाऱ्या जर्मन कलागीताला ‘लीड’ म्हणतात. फिशर-डीस्काउ यांनी ऑपेरा आणि लीड ही दोन कामे कधी वेगळी ठेवली नाहीत. 1951 मध्ये लंडनला जेराल्ड मूर या पियानोवादकाबरोबर त्यांची जोडी जमली. पुढे 1966 ते 1972 या काळात दोघांनी शूबर्टची पुरुष आवाजाला शोभणारी चारशेहून अधिक गीते मुद्रित केली. एकटी ‘विंटरराइजे’ त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या पियानोवादकांबरोबर मुद्रित केली, की तिच्यावरूनच त्यांच्या आवाजाचा इतिहास लिहिता येईल: 1948 ची बर्लिनची रेडिओवरची, 1955 ची मूरबरोबरची, 1979 ची बारेनबोइमबरोबरची, 1985 ची ब्रेंडेलबरोबरची. पहिल्या मुद्रणात बावीस वर्षांचा मुलगा आहे आणि तो आश्चर्य वाटावे इतका संथ आणि उदास गातो. शेवटच्या मुद्रणांत तकाकी गेलेली आहे, वरचे स्वर कोरडे आहेत, आणि तरी काही ओळी आधीच्या कोणत्याही मुद्रणाहून खोल गेल्या आहेत. मला स्वतःला 1955 चे मुद्रण सर्वांत आवडते. तुझे मत निराळे पडले तर आनंदच आहे, मात्र चारही ऐकून मग मत दे.

या मालिकेचे पहिलेच गीत घे आणि त्यावर महिनाभर काम कर. पियानोचे स्वर एकसारखे चालत राहतात, रात्री बर्फातून निघालेल्या माणसाच्या पावलांसारखे. आवाज मात्र पहिल्याच शब्दाला वरच्या स्वरावर येतो आणि तिथून खाली उतरतो. नवशिका गायक तो पहिला स्वर उचलून धरतो, कारण तो वर आहे. फिशर-डीस्काउ यांचे मुद्रण लावून नीट कान दे: त्या शब्दाच्या आरंभीची जोडव्यंजने ते ठोक्याच्या किंचित आधी उच्चारतात, त्यामुळे स्वर ठोक्यावर नेमका बसतो आणि धक्का बसत नाही. चार कडवी आहेत आणि पहिल्या दोहोंची चाल तीच आहे, तेव्हा दुसऱ्या कडव्यात काय बदलायचे हे स्वरलिपी सांगत नाही, कविता सांगते. चौथ्या कडव्याला शूबर्ट उदास मायनरमधून उजळ मेजर स्वरमेळात शिरतो. तिथे आवाज मोठा करायचा नाही, वजन काढून घ्यायचे. आणि शेवटची ओळ पुन्हा म्हणताना तो मायनरमध्ये परत येतो, तो बदल ऐकणाऱ्याला कळण्याआधी गाणाऱ्याच्या श्वासाला कळलेला असावा लागतो. मूळ पट्टी तुला उंच पडेल. बॅरिटोन ते खालच्या पट्टीतच गातात, त्यात कमीपणा काहीही नाही.

पुण्यात असताना तू जर्मनच्या परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालास, हे मला माहीत आहे. पण परीक्षेतले जर्मन आणि गळ्यातले जर्मन यांत अंतर आहे. नाट्यपदे ऐकत वाढलेल्या मुलाला शब्दाची फेक वेगळी शिकवावी लागत नाही, ही तुझी जमेची बाजू. मात्र आपल्याकडे व्यंजन स्वराला चिकटून येते आणि जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी तीन-तीन व्यंजने एकामागून एक उभी असतात. ती गिळायची नाहीत आणि त्यांपुढे आपला ‘अ’ही जोडायचा नाही. तुझ्या मुद्रणात तो ‘अ’ ठिकठिकाणी ऐकू येतो. कविता आधी मोठ्याने वाच, मग तालात वाच, मग एकाच स्वरावर म्हण, आणि त्यानंतरच चाल लाव. हा रियाज कंटाळवाणा आहे यात शंका नाही.

परक्या भाषेत गाताना लागणाऱ्या हेलाची लाज मात्र बाळगू नकोस. 1962 साली कोव्हेंट्री येथे, 1940 च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या जुन्या प्रार्थनामंदिराशेजारी उभ्या राहिलेल्या नव्या वास्तूत, बेंजामिन ब्रिटनचे ‘वॉर रिक्विएम’ प्रथम सादर झाले. ब्रिटनने इंग्रज टेनर (उंच पुरुष आवाज), जर्मन बॅरिटोन आणि रशियन सोप्रानो (उंच स्त्री आवाज) अशी योजना केली होती. रशियन गायिका गालिना विश्नेव्हस्काया यांना सोव्हिएत सरकारने सोडले नाही आणि हेदर हार्पर यांनी ती जागा घेतली. अखेरच्या भागात विल्फ्रेड ओवेनच्या कवितेतला मेलेला शत्रुसैनिक आपल्याला मारणाऱ्याशी बोलतो, आणि त्या ओळी फिशर-डीस्काउ यांच्या वाट्याला होत्या, म्हणजे ज्याने खरोखर त्या सैन्याचा गणवेश घातला होता त्या माणसाच्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांना इतके भरून आले, की टेनर पीटर पीअर्स यांना त्यांना सावरावे लागले. ध्वनिमुद्रणात त्यांचे इंग्रजी ऐक. ते इंग्रजाचे इंग्रजी नाही, आणि तरी एकही शब्द निसटत नाही.

त्यांचे दोषही तुला ठाऊक असावेत, नाहीतर तू त्यांची नक्कल करू लागशील, आणि खरे तर तुझ्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणात ती सुरू झालीच आहे. शब्दाला अर्थ देण्याच्या भरात ते कधी कधी ओळीतल्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवतात; मग वाक्य राहत नाही, नुसते शब्द राहतात. उत्तरकाळात जोरकस जागी स्वराऐवजी भुंकल्यासारखा आवाज येई. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी तर 1972 मध्ये स्पष्टच लिहिले, की या गायनात भाव सगळा आहे पण देह नाही, आणि त्यांच्या तुलनेत शार्ल पांझेरा या जुन्या गायकाला वर ठेवले. मला ते म्हणणे अर्धेच पटते. पण त्यांच्या प्रचंड कामाचा दबाव पुढच्या पिढीवर पडला आणि बरेच बॅरिटोन त्यांच्या सावलीत विनाकारण तत्त्वज्ञासारखे गाऊ लागले, हे खरे आहे. त्यावर उतारा म्हणून हेरमान प्राइ ऐकत जा. तेही बर्लिनचेच, वयाने चार वर्षांनी लहान. आवाज उबदार, गोल, थोडा आळशीही. सेव्हिलचा न्हावी असो की मोत्सार्टच्या ऑपेरातला पक्षी पकडणारा पापागेनो, रंगमंचावर आल्याबरोबर माणूस प्रसन्न व्हावा असा. एकाच शहरातले, एकाच पिढीतले हे दोन लिरिक बॅरिटोन एकमेकांसारखे मुळीच नव्हते, एवढे लक्षात आले तरी तुझा गळा मोकळा होईल.

आणखी एक बाब, जिचा विचार तुझ्या वयात सहसा कुणी करत नाही. हयात संगीतकारांशी त्यांनी आयुष्यभर संबंध ठेवला. हान्स व्हेर्नर हेन्त्सेच्या 1961 च्या ऑपेरात त्यांनी आत्मकेंद्री कवीची भूमिका प्रथम केली, ब्रिटनने 1965 मध्ये इंग्रज कवी ब्लेकच्या कवितांची मालिका त्यांच्यासाठी लिहिली, आणि शेक्सपिअरच्या लिअर राजावर ऑपेरा लिहावा ही सूचना तर आरिबेर्ट राइमान यांना त्यांनीच 1968 मध्ये केली होती. दहा वर्षांनी, जुलै 1978 मध्ये, म्यूनिकला तो ‘लिअर’ रंगमंचावर आला. कॉर्डेलिया होत्या त्यांच्या पत्नी यूलिया वाराडी. लिअर म्हणून उभे राहिलेले फिशर-डीस्काउ तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. वाद्यवृंदाचा तो गदारोळ त्यांनी तेव्हा पेलला, कारण तीस वर्षे त्यांनी आवाज वाचवला होता. तुझ्या विद्यालयात रचना शिकणारी मुले असतील. त्यांच्यातला एखादा तुझ्यासाठी दोन गीते लिहायला आज आनंदाने तयार होईल, आणि तू मराठी कविता सुचवलीस तर तेही करून पाहण्याजोगे आहे.

1992 च्या अखेरच्या दिवशी म्यूनिकच्या नाट्यगृहात व्हेर्दीच्या ‘फाल्स्टाफ’ची शेवटची फ्यूग, म्हणजे एकामागून एक आवाज तीच चाल उचलतात ती रचना, गायल्यानंतर त्यांनी गाणे थांबवले. 1947 पासून पंचेचाळीस वर्षे झाली होती. नंतर शिकवले, वृंदसंचालन केले, चित्रे काढली, पुस्तके लिहिली. 18 मे 2012 रोजी ते गेले.

तेव्हा यादी अशी कर. मोत्सार्टच्या ‘फिगारो’तल्या काउंटचे पद ठेव, त्यात राग आहे, वेग आहे आणि शेवटाकडे एकच उंच उडी आहे, ती तुला येते. पोझाचे मरण घे, मात्र आता इटालियनमध्ये. वोल्फ्रामचे गीत घे. कोर्नगोल्डच्या ‘टोटे श्टाट’मधले पिएरोचे गीत जर्मन नाट्यगृहांना आवडते आणि तुझ्या मधल्या सप्तकाला शोभते. पापागेनो तयार असू दे. परीक्षक हमखास विचारतात आणि तुझ्या जर्मन संवादांची पारखही त्यातच होते. दोन गीते शूबर्टची आणि एक हूगो वोल्फचे, ती तू निवड. रिगोलेट्टो आणि यागो यांचा घरी अभ्यास करण्याला माझी हरकत नाही, अर्ध्या आवाजात, पियानोपाशी. वोटान राहू दे.

पहिल्या करारासाठी छोट्या गावातले नाट्यगृह मिळाले तर नाक मुरडू नकोस. तिथे एकाच हंगामात सहा भूमिका करायला मिळतात आणि चुकले तर वर्तमानपत्रात येत नाही. करारावर सही करण्याआधी फाखाचा उल्लेख काय केला आहे तो वाच, न समजल्यास मला पाठव. नवी ध्वनिमुद्रणे मात्र काउंट आणि विंटरराइजेचे पहिले गीत, एवढ्यांचीच पाठव, आणि मायक्रोफोन तोंडाशी न धरता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेव.

तुझ्या पियानोवादकाला माझा नमस्कार सांग. शेवटच्या मुद्रणात तू श्वास कुठे घेणार आहेस हे त्याला तुझ्याआधी कळलेले दिसते. त्याला सोडू नकोस.

तुझा हितचिंतक